मुलींचीच बाजी, आणि त्यातला ‘च’

२ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी मध्यरात्री नवी मुंबईतल्या नेरुळला, महिला क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात काय झालं ते पुन्हा सांगत बसत नाही. शफालीच्या ८७ धावा, दीप्तीचे पाच बळी आणि हरमनने मागे पळत घेतलेला शेवटचा झेल आपण तेव्हा आठवडाभर चघळत होतो. मला त्याच्या आधीच्या गुरुवारबद्दल लिहायचंय.

३० ऑक्टोबरला नेरुळच्या त्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा काढल्या. पन्नास झाल्यावर बॅट उंचावली नाही, शंभर झाल्यावरही नाही. सामना संपल्यावर माइकसमोर ती रडली आणि म्हणाली की या स्पर्धेत ती जवळजवळ रोज रडत होती. नंतर पत्रकार परिषदेत आणखी उघड बोलली: सुरुवातीच्या सामन्यांआधी जीव इतका घाबरा व्हायचा की आईला फोन लावून ती नुसती रडत राहायची.

आपण त्याची लगेच गोष्ट करून टाकली. आधी अश्रू, मग शतक, हिशेब चुकता. मला हा हिशेब पटत नाही, कारण स्पर्धेतले तिचे आकडे पाहिले तर श्रीलंकेविरुद्ध शून्य, पाकिस्तानविरुद्ध ३२, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पुन्हा शून्य, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३. इंदूरला इंग्लंडविरुद्ध तर संघातच नव्हती. मग नेरुळला न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६. उपांत्य फेरीच्या त्या खेळीतही ८२ वर असताना एलिसा हीलीच्या हातून तिचा झेल सुटला आणि शतकानंतर ताहलिया मॅग्राने आणखी एक सोडला. हीलीने तो चेंडू धरला असता तर? तर रोज रडण्याची हीच हकीकत ‘कणखरपणा कमी पडला’ म्हणून सांगितली गेली असती, आणि तिने इन्स्टाग्रामवर किती रील टाकले तेही कुणीतरी मोजून दाखवलं असतं. हुशार मुलीला रडायची परवानगी आपण शतकानंतर देतो.

स्टेडियमपासून वाशी फार लांब नाही. राज्य मंडळाचं मुंबई विभागीय कार्यालय तिथेच आहे. दर मे महिन्यात निकाल लागतो आणि दर मे महिन्यात आम्ही पेपरवाले तोच मथळा कपाटातून काढतो: ‘यंदाही मुलींचीच बाजी’. २०२५ मध्ये बारावीला मुली ९४.५८ टक्के उत्तीर्ण झाल्या, मुलं ८९.५१ टक्के. मथळा खरा आहे. फक्त त्यातला तो ‘च’ मला अलीकडे टोचायला लागलाय. मुलाने बाजी मारली तर ती बातमी असते, मुलीने मारली नाही तर.

मार्कांच्या बाबतीत आपली भाषाही विचित्र आहे. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये मे महिन्यात एक दहावीतली मुलगी आणि तिची आई भेटल्या, हातात पेढ्यांचा बॉक्स. किती, म्हटलं. “सत्त्याण्णव पॉइंट चार.” मी अभिनंदन म्हणायच्या आत आई हसत हसत म्हणाली, “संस्कृतमध्ये दोन गेले.” गेले! मिळालेले अठ्ठ्याण्णव कुणी मोजत नाही, गेलेल्या दोघांचं सुतक. त्यावर मी काय बोललो असेन? “मग आता सायन्स ना?” मुलगी लिफ्टमधले मजल्यांचे आकडे बघत होती.

दहावीला २०२५ मध्ये राज्यात २११ जणांना शंभर टक्के मिळाले. शंभर ही संख्या आता गणिताची उरलेली नाही. पाच उत्तम विषयांच्या बेरजेवर खेळाचे, चित्रकलेचे, शास्त्रीय नृत्याचे वाढीव गुण येतात. ते कष्टाचेच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण त्यामुळे झालंय असं की ज्या मुलीने सहावीत भरतनाट्यम सोडलं, तिचा दहावीचा टक्का त्याच दिवशी घसरला, हे तिच्या आईला तेव्हाच कळलेलं असतं.

तर हा ‘च’. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती रुजवली. ठाण्यात १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लिखाणातून आणि भाषणांतून ती मराठी घरांत पोचली. एलिस यांचं म्हणणं थोडक्यात असं: इच्छेने माणूस आजारी पडत नाही, इच्छेचा हट्ट झाला की पडतो. इंग्रजीत त्यासाठी एक आख्खा शब्द लागतो. मराठीत एका अक्षरात काम होतं. ‘चांगले मार्क मिळावेत’ आणि ‘चांगले मार्क मिळालेच पाहिजेत’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. दुसरं म्हणताना पोटात गोळा येतो.

इथवर मी एलिस यांच्या बरोबर आहे. पुढे थोडा मतभेद. उपचार सांगतात, बाई, तुझ्या मनातला ‘च’ काढ. पण तो एकट्या तिच्या मनात कुठे आहे? तो पेपरच्या मथळ्यात छापलेला आहे. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल या दोन संशोधकांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून अधिक कॉलेजवयीन मुलामुलींची १९८९ ते २०१६ या काळातली उत्तरं एकत्र करून तपासली. ‘मी बिनचूक असायला हवं’ हा स्वतःचा आग्रह १० टक्क्यांनी वाढला होता. ‘लोकांना माझ्याकडून बिनचूकच हवंय’ ही भावना वाढली होती ३३ टक्क्यांनी. आकडे परदेशातले आणि मुलामुलींचे मिळून आहेत, हे मान्य. तरी त्या लिफ्टमध्ये मला ते ओळखीचे वाटले.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अट असते: कष्ट दिसता कामा नयेत. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २००३ मध्ये आपल्या विद्यार्थिनींचा अभ्यास केला, तेव्हा हेच आढळलं. हुशार, सडपातळ, सुंदर, लोकप्रिय असायचं आणि हे सगळं घाम न गाळता जमल्यासारखं दाखवायचं. आपली आवृत्ती जरा वेगळी. आपल्याकडे ती अभ्यासात पहिली येते, आणि पाहुणे आले की आई म्हणते, “सगळं येतं हो तिला, नुसती पोळी गोल येत नाही.”

आणि हे आजचं नाही. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. स्वयंपाकात वेळ घालवून अभ्यास चुकवला म्हणून नवऱ्याने ज्यांना मारलं त्या आनंदीबाई. १८८३ मध्ये अमेरिकेला निघताना त्यांना भर सभेत शब्द द्यावा लागला की धर्म आणि रीत जशी आहे तशीच घेऊन परत येईन. फिलाडेल्फियाच्या थंडीत त्यांनी तो पाळला, १८८६ मध्ये पदवी घेतली, आणि पुढच्या फेब्रुवारीत, बाविसावं वर्ष पुरं होण्याआधी, क्षयाने त्या गेल्या. डॉक्टर व्हायचं, पण बदलायचं नाही. दोन्ही बाजूंनी ‘च’.

ऐरोली-महापेच्या कंपन्यांत आता ‘इम्पोस्टर सिंड्रोम’वर कार्यशाळा होतात. आपण इथे चुकून आलोय, एक दिवस पकडले जाऊ, असं यशस्वी बाईला वाटतं त्याचं हे नाव. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये हा प्रकार मांडला तेव्हा त्याला सिंड्रोम म्हटलं नव्हतं, नुसती एक घटना म्हटलं होतं. आजार आपण केला. आजार म्हटलं की औषध एकटीने घ्यायचं असतं. कार्यशाळा संपवून ती घरी जाते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची २८९ मिनिटं त्यात जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. आत्मविश्वासावरच्या कुठल्याही स्लाइडने ही २०१ मिनिटं भरून निघत नाहीत.

मुलांवर दडपण नसतं असं कोण म्हणेल? राजस्थानातल्या कोटा शहरातल्या कोचिंग क्लासच्या बातम्या आपण वाचतोच. पण मुलाला एक रकाना बिनचूक भरायचा असतो. मुलीच्या फॉर्मला मागचं पानही असतं.

जेमिमाच्या बोलण्यातला माझ्या डोक्यातून न जाणारा भाग शतकाचा नाही. ती म्हणाली की अरुंधती रेड्डीसमोर ती जवळजवळ रोज रडली, आणि स्मृती मानधनाला ठाऊक होतं आपलं काय चाललंय ते. स्मृती नेट्सजवळ येऊन उभी राहायची. फार बोलायची नाही. उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशीही आली आणि उभी राहिली.

हे कुणालाही जमेल. बारावीचे पेपर फेब्रुवारीत असतात. घरात मुलगी रात्री अभ्यासाला बसली असेल तर जवळ जाऊन बसा, किती झालं ते विचारू नका. तिला किंवा तुम्हाला कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारचा टेलि-मानस क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.