क्रोन्स डिसीज : शस्त्रक्रियेनंतर सुरू होणारी काळजी

पोटाची शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, रुग्ण भाकरी-आमटी खाऊ लागला की घरच्या मंडळींचा जीव भांड्यात पडतो. अपेंडिक्स, हर्निया अशा शस्त्रक्रियांच्या बाबतीत हे समाधान रास्तच असते. क्रोन्स डिसीज या आतड्याच्या आजारात मात्र ते फार दिवस पुरत नाही. आतड्याचा खराब भाग कापून काढला म्हणजे आजार गेला असे नव्हे. त्या आजाराने केलेला अडथळा तेवढा दूर झालेला असतो.

हा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कोठेही होऊ शकतो. आतड्याची भिंत आतून बाहेरपर्यंत सुजते, जखमा होतात, मध्येच चांगला भाग आणि पुन्हा आजारी भाग असे पट्टे दिसतात. लहान आतड्याचे शेवटचे टोक मोठ्या आतड्याला जेथे मिळते, ती पोटाच्या उजव्या बाजूची खालची जागा म्हणजे या आजाराचे आवडते ठिकाण. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या डॉक्टरांनी १९३२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पहिल्या डॉक्टरांचे नाव आजाराला कायमचे चिकटले. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते, हे आज माहीत आहे. आजार संसर्गजन्य नाही, एका ताटात जेवल्याने तो होत नाही. आणि कोल्हापूरकरांनी विनाकारण अपराधी वाटून घेऊ नये, तांबड्या रश्श्यामुळेही तो होत नाही.

आपल्याकडे एक अडचण जास्तीची असते. आतड्याचा क्षयरोगही नेमका याच जागी होतो आणि लक्षणे जवळजवळ तीच : पोटदुखी, ताप, जुलाब, वजन घटणे. त्यामुळे कित्येक रुग्णांचे अनेक महिने क्षयाची औषधे घेण्यात गेलेले असतात. शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाचा बिऑप्सी रिपोर्ट म्हणूनच सोन्यासारखा जपावा. पुढे कोणतेही नवे औषध सुरू करताना डॉक्टर तो प्रथम मागतील.

त्याच्या जोडीला आणखी एक कागद हवा, तो म्हणजे शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद. नुसते ‘आतड्याचे ऑपरेशन’ लिहिलेले डिस्चार्ज कार्ड उपयोगाचे नाही. कोणता भाग काढला, किती सेंटिमीटर काढला, मोठे आतडे शिल्लक आहे की नाही, हे त्यात असले पाहिजे. नसेल तर घरी जाण्यापूर्वी सर्जनकडून लिहून घ्यावे. हा आग्रह कशासाठी, ते आता पाहू.

लहान आतड्याच्या शेवटच्या भागाकडे दोन खास कामे असतात. पहिले, जीवनसत्त्व बी-१२ रक्तात घेणे. हे काम दुसरा कोणताही भाग नीट करू शकत नाही. हा भाग ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त गेला असेल तर बी-१२ ची इंजेक्शने बहुधा आयुष्यभर लागतात. त्याहून कमी गेला असला तरी दरवर्षी रक्त तपासावे. गंमत अशी की यकृतात बी-१२ चा मोठा साठा असतो, त्यामुळे दोन-तीन वर्षे काहीच जाणवत नाही. मग हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, जिभेची आग, दम लागणे सुरू होते आणि तोवर ऑपरेशनची आठवणही मागे पडलेली असते. शाकाहारी घरांत मुळातच बी-१२ कमी असते, तेथे हा धोका लवकर येतो.

दुसरे काम पित्तक्षार परत शोषून घेण्याचे. ते झाले नाही तर क्षार मोठ्या आतड्यात उतरतात आणि पाण्यासारखे जुलाब होतात, विशेषतः जेवण झाल्याबरोबर. ‘ऑपरेशन करूनही जुलाब आहेतच, म्हणजे आजार उलटला’ असे समजून रुग्ण घाबरतो. प्रत्यक्षात कोलेस्टिरामिन नावाच्या साध्या पावडरीने हे जुलाब आटोक्यात येतात. ही पावडर इतर औषधेही धरून ठेवते, म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या एक तास आधी किंवा चार-सहा तासांनंतर घ्याव्यात. पण शेवटचा भाग १०० सेंटिमीटरहून जास्त गेला असेल तर गणित उलटे होते. पित्तक्षारांचाच तुटवडा पडतो, तेल-तूप पचत नाही, शौच चिकट व दुर्गंधीयुक्त होते. अशा वेळी पावडरीने त्रास वाढतो आणि जेवणातील तेल-तूप कमी करावे लागते. एकाच तक्रारीवर दोन रुग्णांना दोन वेगळे सल्ले का मिळतात, याचे उत्तर त्या नोंदीतल्या सेंटिमीटरच्या आकड्यात आहे. शेजाऱ्याला लागू पडलेले औषध आपण आणून घेऊ नये, ते याचसाठी.

न पचलेल्या स्निग्ध पदार्थांचा आणखी एक परिणाम मूत्रपिंडावर होतो. अन्नातला कॅल्शियम चरबीला चिकटतो, ऑक्झलेट मोकळे राहते, मोठ्या आतड्यातून रक्तात जाते आणि मुतखडे होतात. म्हणून भरपूर पाणी, जेवणाबरोबर दही किंवा ताक, आणि पालक, बीट, शेंगदाणे यांना आवर. शेंगदाण्याची चटणी सोडायची म्हणजे आपल्या भागात शिक्षाच, पण चमचाभर आणि वाटीभर यात फरक आहे.

पोटावर शौचाची वाट काढून पिशवी लावलेल्या रुग्णांची गोष्ट वेगळी. लहान आतड्याची वाट असेल तर दिवसभरात बरेच पाणी आणि मीठ बाहेर जाते. तहान लागली म्हणून तांब्यामागून तांब्या साधे पाणी प्यायले की पिशवी आणखी लवकर भरते आणि अशक्तपणा वाढतो. अशांनी मीठ-साखर असलेले ओआरएस प्यावे, एक पाकीट एक लिटर पाण्यात, कमी नाही आणि जास्त नाही. लघवी कमी व गडद होणे, पायात गोळे येणे, उभे राहताच चक्कर येणे ही सलाईनची वेळ जवळ आल्याची लक्षणे. उन्हाळ्यात अधिक जपावे. पिशवीपायी तरुण मुले घराबाहेर पडणे सोडतात, हे मात्र अकारण आहे. पिशवी नीट बसली की कॉलेज, नोकरी, एसटीचा प्रवास सगळे जमते.

आतडे आतल्या आत चिकटणे

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हाच आजार होता. ९ जून १९५६ रोजी त्यांच्या आतड्याचा अडथळा दूर करण्यासाठी शस्त्रक्रिया झाली. त्या काळच्या पद्धतीने आजारी भाग जागेवर ठेवून नुसता वळसा काढण्यात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते निवडणूक जिंकून पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. पण फेब्रुवारी १९६९ मध्ये, म्हणजे जवळजवळ तेरा वर्षांनी, जुन्या शस्त्रक्रियेमुळे चिकटलेल्या आतड्यात अडथळा आला आणि पुन्हा पोट उघडावे लागले. पुढच्याच महिन्यात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. हे सांगण्याचे कारण एवढेच की, चिकटण्याचा हा धोका वर्षानुवर्षे राहतो. पोटात मुरडा मारून कळा, उलट्या, पोट फुगणे आणि वारासुद्धा न सरणे ही लक्षणे एकत्र आली तर एरंडेल देऊ नये, एनिमा देऊ नये, तोंडाने काही देऊ नये. सरळ सर्जन असलेल्या रुग्णालयात जावे.

आज वळसा काढण्याची ती पद्धत मागे पडली आहे. शक्य तेवढे आतडे वाचवण्याकडे कल असतो. अरुंद झालेला भाग न कापता तो उभा छेदून आडवा शिवायचा आणि रुंद करायचा, ही युक्ती क्षयरोगाच्या रुग्णांवर करून कटारिया या भारतीय सर्जननी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. ऑक्सफर्डच्या ली यांनी ती क्रोन्ससाठी वापरली. क्षयाने आपल्याला दिलेले हे एवढे एकच बरे म्हणायचे!

बरे वाटत असतानाची तपासणी

आजार परत येतो तो बहुधा जोडाच्या जागी, आणि गुपचूप येतो. बेल्जियमच्या रुटगीर्ट्स यांनी १९९० मध्ये दाखवले की, शस्त्रक्रियेनंतर वर्षाच्या आत दुर्बिणीतून पाहिले तर सुमारे ७३ टक्के रुग्णांत जोडाजवळ नव्या जखमा होत्या, त्रास मात्र सुमारे २० टक्क्यांनाच होता. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर सहा ते बारा महिन्यांत, काहीही होत नसताना, कोलोनोस्कोपी करावी असा आजचा नियम आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहाव्या महिन्यात दुर्बिणीने पाहून औषध वाढवलेल्या गटात दीड वर्षाने ४९ टक्के रुग्णांत आजार परतलेला दिसला, न पाहिलेल्या गटात ६७ टक्के. ‘बरे आहे तर नळी कशाला घालून घ्यायची?’ हा प्रश्न आम्हाला रोज ऐकावा लागतो. त्याला या आकड्यांहून चांगले उत्तर नाही.

ज्यांचा धोका जास्त, म्हणजे दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झालेले, आतड्याला छिद्र पडलेले आणि धूम्रपान करणारे, त्यांना लगेच औषधे सुरू करतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यात आजार परतण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. ती सोडणे हे फुकटचे औषध आहे, पण फुकट म्हणूनच बहुधा त्याला किंमत नाही. ॲझाथायोप्रिन घेणाऱ्यांनी सुरुवातीला दर पंधरवड्याने व नंतर दर तीन महिन्यांनी रक्त तपासावे. पहिल्या काही आठवड्यांत केस झपाट्याने गळू लागले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे, पांढऱ्या पेशी घटल्याची ती सूचना असू शकते. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही इंजेक्शने प्रभावी आहेत, परंतु शरीरात झोपलेला क्षय ती जागा करू शकतात. छातीचा एक्स-रे व क्षयाची चाचणी झाल्याशिवाय ती घेऊ नयेत.

या औषधांवर असताना गंगावेशीत उभे राहून धारोष्ण दूध पिण्याचा शौक बंद. न तापवलेल्या दुधातून जंतू येतात आणि प्रतिकारशक्ती दाबलेली असते. दूध उकळून, पचेल तेवढेच घ्यावे, पोट फुगत असेल तर दही-ताकावर यावे. आतडे अरुंद असल्याचे सांगितले असेल तर मक्याची कणसे, पेरूच्या बिया, उसाचा चोथा टाळावा. तसे नसेल तर हळूहळू सर्व आहार सुरू करता येतो. तिखट किती हे ज्याचे त्याने आजमावावे. आणि गुडघेदुखी-डोकेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या ब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या घेऊ नयेत, त्यांनी आतड्याच्या जखमा चिघळू शकतात. दुखणे थांबवण्यास पॅरासिटामॉल चालते.