भीमजयंती ते दुर्गोत्सव : बेस गिटारच्या तारांची उंची

बेस गिटारची तार फ्रेटपासून किती उंच आहे, याला वादक ‘ॲक्शन’ म्हणतात. दुकानातून एकदा ॲक्शन लावून आणली की वर्षभर बघायला नको, असे बहुतेकांना वाटते. यवतमाळ जिल्ह्यात हे चालत नाही. इथे मंचावरच्या कार्यक्रमांचे दोन मोठे हंगाम आहेत, एप्रिलमधली भीमजयंती आणि पावसाळा सरता सरता येणारा दुर्गोत्सव. पहिल्या वेळी हवा कोरडी ठणठणीत असते, दुसऱ्या वेळी महिनोन्‌महिन्यांचा ओलावा लाकडात मुरलेला असतो. बेसची नेक लांब आणि अरुंद. तिच्यावर चार तारांचा मिळून पाऊणशे किलोंच्या आसपास ताण असतो. ओलावा घेता-सोडता ती किंचित वाकते किंवा उलट ताठरते आणि स्क्रूला हात न लावताही तारेची उंची बदलते.

म्हणूनच तार खरखरू लागली की लगेच ब्रिजवरची सॅडल उचलणे चुकीचे. आधी तारा नेहमीच्या सुरात लावाव्यात. मग जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट पाहावी. ती साधारण ०.३ मिमी असावी. फार जास्त असेल तर नेकमधला ट्रस रॉड थोडा आवळायचा, फट उरलीच नसेल तर सैल करायचा. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. सॅडलचा नंबर त्यानंतर. फेंडर कंपनी सपाटसर फिंगरबोर्डच्या बेससाठी सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली सुमारे २.४ मिमी आणि बारीक तारेखाली २ मिमी उंची सुचवते. जाड तारेचे कंपन रुंद असते, तिला जागा जास्त लागते. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा सूर ट्यूनरवर तपासायलाच हवा, कारण उंच तार दाबताना अधिक ताणली जाते आणि सूर चढतो.

‘तार जितकी खाली तितके वाजवणे सोपे’ हा आक्षेप अर्धाच खरा आहे. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याच्या घोडीचा माथा घासून जवारी लावतात, तेव्हा तारेने घोडीला हलकेच शिवावे हाच हेतू असतो. त्यातूनच तो भरलेला नाद निघतो. बेसमध्ये मात्र तार फ्रेटला आपटली की मूळ सूर दबतो आणि तबला-ढोलकीखालचा आधारच विरतो. जोरात वाजवणाऱ्याने दोन-तीन दशांश मिलिमीटर उंची जास्त ठेवावी. ‘रॉड मोडेल, नागपूरलाच नेऊ’ ही भीती रॉड जाम असेल तर रास्त आहे. तिथे जोर लावू नये, जाणकाराकडेच द्यावे. पण एरवी योग्य मापाची ॲलन की आणि एक पट्टी एवढ्यावर हे काम घरी होते. मंडळांच्या वादकांनी ते भीमजयंतीआधी एकदा आणि घटस्थापनेआधी एकदा, कार्यक्रमाच्या किमान दोन दिवस आधी उरकावे.