रानाची बोली जाणणारें पथक

दंडकारण्याच्या कुशींतील गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं चंद्रपूरपासून निराळा झाला. त्याच दशकांत नक्षलवादी दलांनीं तेथें पाय रोंवले. त्यांस वाटा, पाणवठे व गांवें मुखोद्गत होतीं. बाहेरून आलेल्या पोलिसास मात्र रानहि परकें आणि गांवकऱ्याची बोलीहि परकीच.

हें ध्यानीं घेऊन १९९० सालीं जिल्ह्यांतीलच ६० जवान निवडून एक विशेष पथक उभारण्यांत आलें. पुढें पथक विस्तारलें, तरी मूळ संख्येवरून पडलेलें ‘सी-६०’ हें नांव कायम राहिलें. गोंडी व माडिया जाणणारे हे जवान शक्य तों पायींच रान तुडवितात. कारण रस्त्यावरील वाहन भूसुरुंगास सहज बळी पडतें. १ मे २०१९ रोजीं जांभूळखेड्यानजीक १५ पोलीस व त्यांचा वाहनचालक अशाच स्फोटांत मृत्युमुखीं पडले.

परंतु या पथकाचें जें बळ, तेंच त्याचें संकट. समोरच्या दलांतहि त्याच मुलखाचे तरुण असत. जवानाचें घर व आप्त त्यांस ठाऊक असत. तीच ओळख दुसऱ्या कामींहि येते. नक्षलवाद्यांच्या कुटुंबीयांस भेटून शरणागतीची वाट समजावणें, हेंहि या पथकाचें एक कर्तव्यच होय. ऑक्टोबर २०२५ मध्यें भूपती या ज्येष्ठ माओवादी नेत्यानें ६० साथीदारांसह गडचिरोलींत शस्त्रें खालीं ठेवलीं. एकाच बोलीच्या दोन तरुणांनीं परस्परांवर नेम धरावा, ही या लढ्याची खरी किंमत. ती द्यावी लागणार नाहीं, त्या दिवशींच पथकाचें कार्य सफल म्हणावयाचें.