डीजेच्या भिंतीशेजारी मेंदूची कुजबुज

आमच्या वणीत मिरवणुकीच्या दिवशी डीजेच्या भिंतीशेजारी उभं राहून कुणाची कुजबुज ऐकून बघा. आजचा विषय तोच, फक्त डीजे मेंदूत आहे.

कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवून सेकंदाला साधारण १३० पल्स देतात. हेच डीबीएस, मुंबईत जसलोकमध्ये ही सर्जरी अनेक वर्षं होतेय. पल्स असते काही व्होल्टची, आणि मेंदूचा सिग्नल मायक्रोव्होल्टमध्ये. लाखो पट फरक!

अँप्लिफायरचा स्वतःचा नॉइज कमी केला की झालं, असं वाटतं ना? नाही हो. गेन १००० ठेवला तर पल्स येताच तो सॅच्युरेट होतो, म्हणजे चक्क बहिरा. सावरेपर्यंत पुढची पल्स हजर. मध्ये जेमतेम ८ मिलिसेकंद.

मी सॉफ्टवेअरवाला, पण यातली युक्ती मला फार आवडते. पल्स देणाऱ्या टोकाच्या वरून आणि खालून सिग्नल घ्यायचा. दोन्हीकडे पल्स जवळपास सारखीच पोचते, वजाबाकीत उडते. पण 'जवळपास'च! समजा १ व्होल्ट पोचला आणि १ टक्का फरक राहिला, तरी १० मिलिव्होल्ट उरले. म्हणून आधी कमी गेन, मग फिल्टर, मग मोठा गेन. हवा असलेला बीटा सिग्नल १३ ते ३० हर्ट्झचा, पल्स १३० ची. फिल्टरला तेवढं अंतर पुरतं.

एवढा खटाटोप कशाला? पार्किन्सन्समध्ये बीटा वाढला की बऱ्याचदा शरीर आखडलेलं असतं. तो ऐकू आला, तर यंत्र पल्स गरजेप्रमाणे कमी-जास्त करू शकतं. असं करणाऱ्या यंत्रणेला २०२५ मध्ये अमेरिकेत मंजुरीही मिळाली.