इंडस क्रीड

इंडस क्रीड हा मुंबईतील इंग्रजी गीते गाणारा रॉक वाद्यवृंद आहे. त्याची स्थापना १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ या नावाने झाली. १९९३ मध्ये त्याने सध्याचे नाव धारण केले. १९८८ ते २०१२ या काळात त्याचे चार अल्बम प्रकाशित झाले. हार्ड रॉकपासून प्रोग्रेसिव्ह रॉकच्या जवळ जाणाऱ्या शैलीपर्यंतचा त्याचा प्रवास या चार अल्बममधून दिसतो. स्वतःच्या रचना सातत्याने सादर करणाऱ्या भारतातील आरंभीच्या रॉक वाद्यवृंदांत त्याची गणना होते.

पार्श्वभूमी

१९८०च्या दशकात मुंबईतील रॉक संगीत मुख्यतः महाविद्यालयीन महोत्सव आणि धोबी तलाव येथील रंगभवनाचे खुले नाट्यगृह यांभोवती फिरत होते. १९८६ मध्ये ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला. श्रोत्यांची मागणी प्रामुख्याने परदेशी वाद्यवृंदांच्या प्रसिद्ध गाण्यांना असे. मूळ गाणे हुबेहूब वाजवणे हीच वादकाची कसोटी मानली जाई. अशा वातावरणात स्वतः रचलेली गाणी वाजवणे आणि त्यांचा अल्बम काढणे हा व्यावसायिकदृष्ट्या जोखमीचा निर्णय होता.

सदस्य

उदय बेनेगल (गायन), महेश तिनईकर व जयेश गांधी (गिटार), मार्क सेल्विन (बास गिटार) आणि झुबिन बालापोरिया (कीबोर्ड) हे पहिल्या कालखंडातील प्रमुख सदस्य होत. मार्क मेनेझिस आणि बॉबी दुग्गल यांनी वेगवेगळ्या काळात ड्रमवादन केले. पुनरागमनानंतर बेनेगल, तिनईकर व बालापोरिया यांच्यासोबत रुषद मिस्त्री (बास गिटार) आणि जय रो कवी (ड्रम्स) सहभागी झाले.

अल्बम

- रॉक एन रोल रेनेगेड (१९८८)
- द सेकंड कमिंग (१९९०)
- इंडस क्रीड (१९९५)
- इव्हॉल्व्ह (२०१२)

पहिले दोन अल्बम ‘रॉक मशीन’ या नावाने निघाले. त्यांवर तत्कालीन अमेरिकी व ब्रिटिश हार्ड रॉकचा ठसा स्पष्ट आहे. ‘टॉप ऑफ द रॉक’ आणि ‘प्रिटी चाइल्ड’ ही या काळातील विशेष लोकप्रिय गाणी होत. १९९१ मध्ये उपग्रह वाहिन्यांचे प्रसारण सुरू झाल्यावर भारतीय वाद्यवृंदांच्या चित्रफिती प्रथमच आशियाभर पोहोचू लागल्या. ‘प्रिटी चाइल्ड’च्या चित्रफितीला एमटीव्ही आशियाचा प्रेक्षकपसंती पुरस्कार मिळाला.

सिंधू नदीची आठवण करून देणारे नवे नाव घेतल्यानंतर १९९५ मध्ये ‘इंडस क्रीड’ हा अल्बम निघाला. ‘ट्रॅप्ड’ हे त्यातील एक परिचित गीत आहे. मात्र त्याच वर्षी अलिशा चिनॉय यांचा ‘मेड इन इंडिया’ गाजला आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांचा कल हिंदी पॉपकडे वळला. इंग्रजी रॉकसाठीचा अवकाश आक्रसत गेला. १९९७ च्या सुमारास वाद्यवृंद विसर्जित झाला. बेनेगल व गांधी यांनी पुढे ‘आम्स फॉर शांती’ हा वाद्यवृंद चालवला आणि काही काळ न्यू यॉर्क येथे काम केले.

पुनरागमन व शैली

२०१० मध्ये वाद्यवृंद पुन्हा एकत्र आला. तिसऱ्या अल्बमनंतर सतरा वर्षांनी ‘इव्हॉल्व्ह’ प्रसिद्ध झाला. त्यात ‘फायरफ्लाइज’, ‘डिझॉल्व्ह’, ‘नो डिस्ग्रेस’ आणि ‘गुडबाय’ यांसह आठ गीते आहेत. त्याचे ध्वनिमिश्रण टिम पामर यांनी केले. त्यांनीच पॉर्क्युपाइन ट्री या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक वाद्यवृंदाच्या ‘इन अॅब्सेन्शिया’ (२००२) या अल्बमचे मिश्रण केले होते.

प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये कडवे व ध्रुवपद यांच्या ठराविक साच्यापेक्षा रचनेच्या विस्ताराला महत्त्व असते. एकाच गाण्यात लय व भाव बदलतात, वाद्यांना गायनाइतकेच स्थान मिळते आणि अल्बम सलग ऐकण्याची कृती मानला जातो. इंडस क्रीडला काटेकोरपणे या प्रकारात बसवता येत नाही, कारण गेय चाल हा त्याच्या संगीताचा कणा कायम राहिला. तथापि ‘इव्हॉल्व्ह’मध्ये हार्ड रॉकचा जोम राखूनही कीबोर्ड व गिटार यांच्या विस्तृत संवादाला वाव दिलेला आढळतो. उत्क्रांत होणे या अर्थाचे त्याचे शीर्षकही हा बदल सूचित करते.