ताप उतरला, कान तपासले का?

जंगलपट्ट्यात ताप म्हटला की पहिला संशय हिवतापाचा. तो रास्तच आहे. रक्ततपासणी झालीच पाहिजे. पण तापासोबत उलट्या, झटके, ताठ मान किंवा गुंगी असेल, तर मेंदूच्या आवरणाला जंतूंमुळे सूज आलेली असू शकते. हाच मेनिंजायटिस. वेळेत उपचार मिळाले, मूल वाचले, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मात्र कानांवरचे संकट टळलेलेच असते असे नाही.

ही सूज आतल्या कानातील गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत पोहोचते. तिथल्या आवाज टिपणाऱ्या पेशी मेल्या, तर पुन्हा तयार होत नाहीत. मग हाक मारली तरी मूल वळत नाही. बोलणारे मूल हळूहळू शब्द विसरते. चालणारे मूल धडपडू लागते, कारण तोल सांभाळणारा अवयवही तिथेच असतो. "अशक्तपणा आहे, येईल हळूहळू," असे म्हणून लोक थांबतात, नाहीतर बाधा समजून मांत्रिकाकडे जातात. तथागतांनी आपल्याला कार्यकारणभाव शिकवला. इथे कारण कानात आहे आणि वेळ फार थोडा आहे.

सूज ओसरताना काही मुलांच्या या नळीत हाड भरू लागते, तेही काही आठवड्यांतच. नळी बुजली की कॉक्लिअर इम्प्लांटची तार आत बसवणे कठीण होते. म्हणून दवाखान्यातून सुटी घेण्यापूर्वीच, निदान ४ आठवड्यांच्या आत श्रवणतपासणी करून घ्या. लहान मुलांसाठी बेरा चाचणी असते. मूल झोपलेले असताना ती होते, दुखत नाही.

साधे श्रवणयंत्र आवाज मोठा करते. इम्प्लांट मेलेल्या पेशींना वगळून थेट श्रवणाच्या नसेला संदेश देते. खर्च लाखांत जातो. पण केंद्राच्या एडिप योजनेत मदत मिळते. तिचे काम मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था पाहते. वय व उत्पन्नाच्या अटी आधी विचारून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत व शाळेत येते, त्यांनाही दाखवा. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा.

शस्त्रक्रियेने काम संपत नाही. पुढे दीर्घकाळ वाचा-उपचार लागतात. घरात मराठी, गोंडी, माडिया, जी भाषा असेल तिच्यातच मुलाशी भरपूर बोला. यंत्राचा बाहेरचा भाग पावसापासून जपा.

आणि आजारच टाळायचा, तर लस चुकवू नका. न्यूमोकोकल लस सरकारी केंद्रात ६ व १४ आठवड्यांना आणि ९ महिन्यांना मोफत मिळते. इम्प्लांट केलेल्या मुलांना तर तिची विशेष गरज असते.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. शिक्षणाचा त्यांचा आग्रह आपण विसरत नाही. ऐकू न येणाऱ्या मुलाची शिक्षणाची वाट तपासणीला उशीर झाल्याने बंद होऊ नये. रविवारच्या वंदनेनंतर विहारात एवढे जरूर विचारा: या महिन्यात कोणाचे मूल मेंदूच्या तापातून उठले आहे? त्याचे कान तपासले का?