पळसाचे चित्र काढताना

वर्गात मुलांना बहरलेले झाड काढायला सांगा. बऱ्याच वह्यांत तपकिरी खांब, त्यावर हिरवा ढग आणि ढगात लाल ठिपके असे चित्र येईल. फाल्गुनातला पळस असा नसतो. कोरड्या दिवसांत पाने गाळून तो पाणी वाचवतो आणि उघड्या फांद्यांवर फुलतो. ‘पळसाला पाने तीनच’ हे पाठ आहे म्हणून एखाद्याने ऐन बहरात पाने काढली, तर म्हण डोळ्यांच्या आड आली म्हणायची!

तेव्हा रंगीत पेन्सिली घेऊन झाडापाशीच जावे. आधी फांद्या काढाव्यात. पळसाच्या फांद्या वेड्यावाकड्या असतात. जवळ काटेसावर असेल तर तिच्या फांद्या खोडाभोवती मजल्यामजल्यांनी आडव्या निघालेल्या दिसतील.

मग खाली पडलेले एक फूल हातात घ्यावे. पाच पाकळ्यांपैकी एक मोठी, मागे वळलेली. दोन बाजूंना पंखांसारख्या. उरलेल्या दोन जोडून पोपटाची चोच झालेली. चोच उघडली की दहा पुंकेसर मिळतात, नऊ एकत्र जोडलेले आणि एक सुटा. वाटाण्याच्या फुलाची रचनाही अशीच असते, कारण दोघांचे कूळ एक. तळाशी काळपट, मखमली निदलपुंज असतो. लांबून फुलोऱ्यात जो काळा रंग दिसतो तो याचा आणि कळ्यांचा.

आता रंग. पेन्सिलीच्या कांडीत रंगद्रव्य मेणासारख्या पदार्थात बसवलेले असते. त्याचा पातळ थर थोडा पारदर्शक असतो. प्रकाश त्यातून कागदापर्यंत जाऊन परत येतो आणि वाटेत त्याचा काही भाग शोषला जातो. पिवळा थर मुख्यतः निळा प्रकाश शोषतो, तांबडा थर निळा आणि हिरवा. म्हणून आधी पिवळा, त्यावर नारिंगी, शेवटी तांबडा असे चढावे. गडद रंगावर फिका चढवून उजळपणा परत येत नाही, कारण मागचा पांढरा कागद झाकला गेलेला असतो. निदलपुंजासाठी काळी पेन्सिल नको. तांबड्यावर गडद हिरवा फिरवला की दोघे मिळून बहुतेक प्रकाश शोषतात आणि हवा तो काळपट रंग मिळतो. पाकळ्यांवर बाहेरून रुपेरी लव असते. तेथे हात हलका ठेवावा. कागदाच्या खळग्यांत पांढरे ठिपके उरतात आणि लव आपोआप उमटते. फार दाबून रंगवल्यास खळगे मेणाने भरतात व पुढची पेन्सिल घसरू लागते.

संपूर्ण झाड काढताना मात्र सुटी फुले काढू नयेत. लांबून डोळ्याला ती वेगळी दिसत नाहीत, रंगाचे पुंजके दिसतात.

चित्र सकाळी काढावे, पण एकदा त्याच झाडाकडे सूर्यास्तानंतर मुद्दाम पाहावे. दिवसा धगधगणारी फुले काळवंडतात, शेजारची हिरवी झाडे त्या मानाने उजळ वाटतात. मंद प्रकाशात डोळ्यातील शंकुपेशी मागे पडतात, दंडपेशी काम करू लागतात, आणि दंडपेशींना तांबडा प्रकाश जवळजवळ जाणवत नाही. पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हा बदल नोंदवला, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो. उजेडात सारख्याच उजळ वाटणाऱ्या तांबड्या व निळ्या पेन्सिली संधिप्रकाशात शेजारी धरल्या, तर वर्गालाही हे तपासता येईल.

चित्राखाली तारीख, वेळ आणि झाडाची जागा लिहून घ्यावी. पुढच्या आठवड्यात त्याच जागी बसून दुसरे चित्र काढावे. शेंगा धरू लागल्या की एक शेंग उघडून पाहावी: बी एकच असते, तेही टोकाला.